हेडलाइट उघडल्यावर काच परत बसवायला कोणता सीलंट वापरावा?

ब्यूटाइलच घ्या (तापवल्यावर मऊ होणारा रबरी सीलंट), सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची वाफ सोडतं, ती रिफ्लेक्टरच्या चकचकीत थराला बाधू शकते. शिवाय पुढच्या वेळी उघडताना कडा तुटायची भीती.

काच बसते त्या खाचेतला जुना सीलंट नीट खरवडून काढा, कोपऱ्यांतला तर नक्कीच. पाणी बहुतेकदा तिथूनच शिरतं. ब्यूटाइलची दोरी सलग फिरवा, टोकं एकमेकांवर चढवून दाबा. सीलंट मऊ होईपर्यंत हीट गन फिरती ठेवून तापवा. एका जागी धरलीत तर पॉलिकार्बोनेटची (म्हणजे प्लास्टिकची) काच वाकडी होते. लगेच काच दाबा, स्क्रू-क्लिपा लावा, गार होईपर्यंत क्लॅम्प काढू नका.

मागची हवेची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर आत दव धरतं.