‘ओकाएरी’चा विनोद आजीला कसा सांगायचा

प्रिय मनू,

काल रात्री तू रुसून झोपलीस. व्हिडिओ कॉलवर तू आजीला जपानी कार्टूनमधल्या शिनचॅनचा तुझा सगळ्यात लाडका विनोद सांगितलास: तो बालवाडीतून घरी येतो, दारात बूट काढतो आणि जोरात “ओकाएरी!” असं ओरडतो. आजी हसलीच नाही. “बरं, मग पुढं काय झालं?” असं तिनं विचारलं, आणि तुझा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, “आई, तादाइमाला मराठीत काय म्हणतात? आपल्यात घरी आल्यावर कुणी काहीच म्हणत नाही का?” मी पोळ्या लाटत होते. “थांब, सांगते,” म्हटलं आणि हात धुऊन येईपर्यंत तुझा डोळा लागला होता.

तुझा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आज मला लवकर निघायचंय, म्हणून लिहूनच ठेवते.

आधी हा विनोद आजीपर्यंत का पोचला नाही ते बघू. इथे जपानमध्ये बाहेरून येणाऱ्यानं “तादाइमा” म्हणायचं, म्हणजे “हा आत्ता आलो”. घरात असलेल्यांनी “ओकाएरी” म्हणायचं, म्हणजे “आलास, ये”. तू हे बालवाडीत पहिल्या आठवड्यात शिकलीस. आता तुला त्याचा विचारही करावा लागत नाही, नळ सोडल्यावर पाणी येतं तसं ते येतं. शिनचॅन मात्र रोज उलटं म्हणतो. स्वतः आत येतो आणि स्वतःच “ओकाएरी” म्हणतो. आतून मिसाए, त्याची आई, ओरडते, “तादाइमा म्हणायचं!” १९९२च्या एप्रिलमध्ये ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली, म्हणजे मी स्वतः शाळेत जात होते तेव्हा, आणि अजून त्या मुलाची ही चूक सुधारलेली नाही. सुधारू नयेच. आजीला तादाइमा ठाऊक नाही, म्हणून त्याची उलटापालट तिला कळणार कशी? सरळ काय ते माहीत असल्याशिवाय उलट्याचं हसू येत नाही.

पण या विनोदात हसण्यापेक्षा जास्त काहीतरी आहे असं मला नेहमी वाटतं. “ओकाएरी” कोण म्हणू शकतं? जो आधीपासून घरात आहे तो. म्हणजे हा पाच वर्षांचा पोरगा घरी पोचायच्या आधीच मनानं घरात असतो! बूट अजून पायात, एक पाय दाराबाहेर, आणि हा जणू दिवसभर इथेच बसून आईची वाट बघत होता. मिसाए चिडते, पण कितीही चिडली तरी तिनं कधी दार लावून घेतलंय का? सकाळी त्याची बालवाडीची बस चुकते म्हणून त्याला सायकलवर मागे बसवून धापा टाकत पोचवणारीही तीच, आणि दुपारी तादाइमा शिकवणारीही तीच.

आता मराठीचं. आपल्यात तादाइमासारखा ठरलेला शब्द नाही, हे तुझं बरोबर आहे. पण काहीच म्हणत नाहीत हे बरोबर नाही. आपल्यात आधी बोलतो तो घरातला माणूस. दाराची कडी वाजली की आतून आवाज येतो, “आलीस का गं?” तू मागे एकदा मला विचारलं होतंस की आजीला मी दिसतेय, तरी ती “आलीस का?” का विचारते. मनू, तो प्रश्न नाहीच. तीच आपली ओकाएरी. सांगलीत कुणी हातात पिशवी घेऊन मंडईतून येताना दिसला तर शेजारचे विचारतात, “काय, भाजी आणलीत का?” पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत असते, तरीही विचारतात. उत्तर नकोच असतं. तू मला दिसलीस, तू आलीस हे मला कळलं, एवढंच त्यात असतं. आणि “आलीस का?”च्या मागोमाग “हातपाय धुऊन घे” येतंच. माझ्या लहानपणी उन्हातून आलं की माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं करायची. ती फार बोलायची नाही. तिची ओकाएरी गुळाची होती.

ठरलेला शब्द आपल्यात आहे तो निघतानाचा. “जाते” म्हणायचं नाही, “येते” म्हणायचं. चप्पल घालताना माझ्या तोंडून चुकून “आई, जाते गं” निघालं की स्वयंपाकघरातून लगेच, “जाते म्हणू नये, येते म्हण!” मग मी उंबऱ्यात थांबून “येते” म्हणायचे, आणि ती “ये” म्हणाली की बाहेर पडायचे. मराठीत “तो गेला” म्हणजे तो वारला असाही अर्थ होतो, म्हणून निघणाऱ्याच्या तोंडी तो शब्द नको. असे शब्द आपण बरेच जपून वापरतो. हातातली बांगडी फुटली तर “फुटली” म्हणत नाहीत, “वाढवली” म्हणतात. रात्री दुकान बंद करणारा दुकान वाढवतो. निघालेल्या माणसाला “कुठं चाललात?” असं तोंडावर विचारू नये म्हणून जुनी माणसं “लांब का?” असं विचारतात.

आणि आता गंमत बघ. तू सकाळी इथे काय म्हणतेस? “इत्तेकिमास.” त्याचे दोन तुकडे कर. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आणि मी “इत्तेराश्शाई” म्हणते, म्हणजे “जाऊन ये”. तुझ्या पणजीनं जपानी कधी ऐकली नव्हती आणि इथल्या आज्यांनी मराठी ऐकलेली नाही, तरी दोघींनी दारातून निघणाऱ्या लेकराच्या तोंडी परत येण्याचाच शब्द घातला. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी टोकियोतल्या निशी-कासाई स्टेशनच्या जिन्यावर होते, आणि तिथंच उभी राहिले होते. नवीन नवीन आले होते तेव्हा. त्या दिवशी मला हा देश पहिल्यांदा थोडा ओळखीचा वाटला.

तर विनोद मराठीत असा करायचा. शिनचॅन दप्तर घेऊन शाळेला निघालाय. “येतो” म्हणायचं त्यानं, “ये” म्हणायचं आजीनं. पण हा चपला घालतो, आजीकडे वळतो आणि म्हणतो, “ये हं आजी, सांभाळून जा!” आजी भाजी निवडतेय, ती कुठंच चाललेली नाही. हे ऐकून तुझी आजी हसेल, मी सांगते तुला. तीही आतून ओरडेल, “येतो म्हण, मेल्या!”

शिनचॅनबद्दल तुझ्या मावशीचं मत वेगळं आहे हे तुला माहीत आहे. तिकडे भारतात तो २००६पासून हिंदीत लागतो, आणि तो आईला नावानं हाक मारतो, उलट उत्तरं देतो म्हणून मावशी टीव्ही बंद करते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. जपानी आईवडीलही वर्षानुवर्षं पालक संघाच्या पाहणीत मुलांना दाखवू नये अशा कार्यक्रमांत याचं नाव घालत असत. योशितो उसुई यांनी १९९०मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मुळात मोठ्यांच्या मासिकात. तरीही मी तुला शनिवारी साडेचारला बसू देते, आणि शेजारी स्वतःही बसते, कारण मला त्या घरातली माणसं खरी वाटतात. बाबा हिरोशी ३५ वर्षांचा, रोज लोकलनं टोकियोत कासुमिगासेकीला नोकरीला जातो, घराच्या कर्जाची ३२ वर्षं बाकी. मिसाए सवलतीचा सेल दिसला की पळते आणि नवऱ्यापासून लपवून थोडे पैसे बाजूला ठेवते. तुझ्या पणजीचे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे. हिरोशीचे वडील थंडीच्या अकितातले आणि मिसाएचे वडील पार दक्षिणेतल्या कुमामोतोतले. दोघं एका वेळी घरी आले की त्यांचं वाजलंच म्हणून समज. व्याह्यांचं असं भांडण आजी अगदी मन लावून ऐकेल, तिला ते समजावून सांगावं लागणार नाही. नातवाला कुणी जास्त लाडावलं यावरून दोन आजोबा रुसून बसतात, हे आपल्या कुठल्या लग्नात बारशात झालेलं नाही?

आणि मोजे. हिरोशीच्या मोज्यांच्या वासानं माणसं कोलमडतात, यावर तू पोट धरून हसतेस. त्या वासाची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. २००१मध्ये शिनचॅनचा एक चित्रपट आला. त्यात जुन्या काळाचा एक वास पसरवला जातो आणि सगळी मोठी माणसं घरदार, मुलं विसरून पुन्हा लहान होतात. हिरोशीसुद्धा. तो १९७०च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पोचतो, चंद्रावरून आणलेला दगड बघायचाय म्हणून हट्ट करून रडतो. शिनचॅन समोर उभा आहे आणि बापाला मुलगा ओळखू येत नाही. तेव्हा शिनचॅन काय करतो? बापाचाच बूट त्याच्या नाकाला लावतो.

मग दोन-तीन मिनिटं कुणी बोलत नाही, नुसती चित्रं आणि संगीत. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला छोटा हिरोशी. मोठा होणं, गाव सोडून शहरात येणं, नोकरी, मिसाए, हातात आलेलं बाळ, उन्हातान्हात कामासाठी पायपीट, घर. ज्या वासाला इतकी वर्षं आपण हसलो, त्या वासात त्याचं सगळं आयुष्य साठलेलं असतं. तोच विनोद, तोच बूट, आणि मी तुझ्या बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. एवढा मोठा रडवणारा प्रसंग त्यांनी नवीन काही न आणता, रोजच्या थट्टेच्या वस्तूतून उभा केला. आधी इतक्या वेळा हसलो नसतो तर रडू आलंच नसतं. म्हणून मला ही मालिका नुसती वात्रट वाटत नाही.

तुझे आजोबा साखर कारखान्यात होते. गळीत हंगामात त्यांच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा, गोडसर आणि उग्र. मी आणि मावशी नाक दाबून पळायचो. रात्रपाळीहून ते पहाटे यायचे तेव्हा कडी वाजायच्या आधी तो वास यायचा आणि मी झोपेतच म्हणायचे, “बाबा आले.” आता ते नाहीत. तो चित्रपट बघताना मला तो वास खरंच आला, इथे, टोकियोच्या एदोगावा भागातल्या आठव्या मजल्यावर.

अजून एक. मागच्या मे महिन्यात आपण सांगलीला गेलो तेव्हा आजीनं आपल्याला दारातच थांबवलं होतं, आठवतंय? तुला लघवीला जायचं होतं आणि तू नाचत होतीस. आजीनं भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं, तुकडा आपल्या दोघींवरून ओवाळला, लांब टाकून दिला, पायांवर पाणी घातलं आणि मग म्हणाली, “या आत.” तू विचारलंस, “आजीनं भाकरी का फेकली?” तिनं सांगितलं, वाटेवरची दृष्ट. मनू, तादाइमा म्हणायची जागा तीच होती. शिनचॅनच्या घरात बूट काढायची ती खालची जागा आहे ना, पायरी चढायच्या आधीची, तिथंच त्याचा रोजचा विनोद होतो. आपला उंबरा म्हणजे तीच जागा. फक्त आपल्यात तिथं शब्दाऐवजी भाकरी असते. आपण दोन वर्षांनी गेलो होतो, आणि भाकरी तिनं सकाळीच करून झाकून ठेवली होती. आपलं विमान उशिरा येणार हे कळल्यावर तिनं दुपारी पुन्हा ताजी केली, हे मला मावशीनं नंतर सांगितलं.

आणि परत निघताना तिनं आपल्या तळहातावर दही ठेवलं होतं. तू चाटून घेऊन अजून मागितलंस. मी “येते” म्हटलं. तिला “ये” म्हणायला थोडा वेळ लागला, पण ती म्हणाली.

रविवारी फोन करू तेव्हा चपला घालून बस. बोलून झालं की उठ, दप्तर पाठीला लाव आणि “ये हं आजी, सांभाळून जा!” असं म्हण. आधी काही समजावून सांगू नकोस. मी बाजूला बसते, कॅमेऱ्यात येणार नाही.

येते.

आई

ता.क. डब्यात ढोबळी मिरचीची पीठ पेरून केलेली भाजी आहे. शिनचॅन ढोबळी मिरची खात नाही हे मला माहीत आहे. तू खा.