शाळेला ‘सी’ मिळाला, मग मुलीचे काय?

“मॅडम, शाळेला ‘सी’ आला आहे. आम्ही मुलीचे नुकसान करतो आहोत का?” टेक्सासमध्ये राहणारे मराठी पालक हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि राज्याने शाळांना दिलेल्या ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी जाहीर झाल्या की तो वाढतो. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ह्यूस्टनच्या उपनगरात भाड्याने राहणारे हे जोडपे होते. मुलगी तिसरीत होती आणि वर्षभरापूर्वी सोडतीत नंबर लागून एका लहान चार्टर शाळेत गेली होती. वडिलांनी पहिल्याच भेटीत राज्याच्या शिक्षण खात्याचा अहवाल छापून आणला होता. त्यात दोन आकडे पिवळ्या मार्करने रंगवले होते. तिसरीच्या गणितात अपेक्षित पातळी गाठणारी मुले एका वर्षात ६७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली होती, आणि आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होते. चांगल्या श्रेणीच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, परवडत नसले तरी, घर घ्यावे असे त्यांचे जवळजवळ ठरले होते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “महिनाभर रोज सकाळी हिचे पोट दुखते. डॉक्टर म्हणतात, काही नाही.”

टेक्सासमध्ये चार्टर शाळांचा कायदा १९९५ साली झाला. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखीच ही रचना आहे: चालवणारी संस्था खासगी, पैसा सरकारी, फी नाही. मात्र येथे प्रत्येक चार्टर संस्था सरकारदरबारी स्वतंत्र डिस्ट्रिक्ट म्हणून मोजली जाते. त्यामुळे दीड लाखांहून अधिक मुलांचे ह्यूस्टनचे डिस्ट्रिक्ट आणि दोन-अडीचशे मुलांची ही शाळा एकाच साच्याच्या तक्त्यात दिसतात, आणि वाचणारा दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतो. मी वडिलांना वर्गाचा पट विचारला. दोन्ही वर्षी १८. म्हणजे १२ मुलांच्या जागी ९ मुले. ज्या घसरणीने त्यांची झोप उडाली होती ती तीन मुलांची होती. इतक्या लहान वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के, आणि परीक्षेच्या आठवड्यात एखादे आजारी असले किंवा एखादे नुकतेच इंग्रजी शिकू लागले असले, तरी आकडा हलतो.

“आपल्या मुलांचे कसे आहे ते तरी पाहू,” असे म्हणून त्यांनी आशियाई विद्यार्थ्यांची ओळ काढली होती. तेथे आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या होत्या. गटातली मुले इतकी थोडी असली की ती ओळखू येऊ नयेत म्हणून निकाल झाकला जातो. त्यांची मुलगी त्या फुलीच्या आत होती, आणि तिच्याबद्दल तो अहवाल काहीच सांगत नव्हता.

वंचित मुलांच्या आकड्याबद्दल मी स्पष्ट बोलले. ज्यांच्या घरचे उत्पन्न मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणास पात्र ठरते, प्रामुख्याने अशी मुले त्यात मोजतात. तो घरच्या मिळकतीचा आकडा आहे. मुलांच्या बुद्धीचा किंवा वळणाचा नाही. “सोबत कशी मुले आहेत?” हा प्रश्न पालक चाचरत विचारतात. तो मनात ठेवून घर बदलण्यापेक्षा उघड विचारलेला बरा, असे माझे मत आहे. शिवाय श्रेणी ठरवताना केवळ गुण पाहत नाहीत; मुलांची वर्षभरातली प्रगती आणि तशाच आर्थिक स्थितीतल्या इतर शाळांशी तुलना यांचाही एक विभाग असतो. या शाळेला त्या विभागात ‘बी’ होता. त्या पानावर मार्कर फिरला नव्हता.

खरी काळजी करण्याजोगी बाब पैशांची होती, आणि ती मी लपवली नाही. चार्टर शाळेला स्थानिक मालमत्ता कर लावता येत नाही. तिला पैसा मिळतो तो मुख्यतः राज्याकडून, आणि तोही मुलांच्या सरासरी दैनंदिन उपस्थितीवर. प्रति विद्यार्थी मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलर होती. २०२५ मध्ये त्यात ५५ डॉलरची भर पडली. वीस मुले सोडून गेली तर एवढ्या एका हिशोबातच सव्वा लाख डॉलरची तूट येते, आणि इमारतीचे भाडे काही कमी होत नाही. शैक्षणिक किंवा आर्थिक (पैशांच्या कारभाराची) श्रेणी सलग तीन वर्षे नापास ठरली तर राज्य चार्टर रद्द करते. म्हणून मी त्यांना शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगितले: आर्थिक श्रेणी काय आहे, गेल्या वर्षीचे किती शिक्षक टिकले, आणि पट वाढतो आहे की घटतो आहे.

मुलीशी मी स्वतंत्रपणे बोलले. ती शाळेचे चित्र काढत होती, दारापाशी तिच्या बाई उभ्या होत्या. “बाबा म्हणाले, शाळेला कमी मार्क मिळाले,” ती म्हणाली. “आता परीक्षा माझी आहे. मी चुकले तर शाळा अजून खाली जाईल ना?” राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते. घरात रात्री चाललेली चर्चा ऐकून या आठ वर्षांच्या मुलीने संपूर्ण डिस्ट्रिक्टचा निकाल स्वतःच्या अंगावर घेतला होता. हे मी आईवडिलांना जसेच्या तसे सांगितले, तेव्हा वडील बराच वेळ त्या अहवालाची घडी घालत राहिले.

दोघे शाळेत जाऊन आले. आर्थिक श्रेणी उत्तीर्ण होती, चौदापैकी बारा शिक्षक टिकले होते, पट स्थिर होता. पाचवीपर्यंत तेथेच राहायचे, दरवर्षी हेच तीन प्रश्न विचारायचे, आणि सहावीच्या वेळी नव्याने पाहायचे, असे त्यांनी ठरवले. वडिलांनी मुलीला सांगितले की परीक्षा तिची असली तरी शाळेची श्रेणी ही मोठ्या माणसांची जबाबदारी आहे. पोटदुखी आता रोजची राहिलेली नाही. सोमवारी सकाळी पोट अजून अधूनमधून दुखते, आणि त्यासाठी आमच्या भेटी सुरू आहेत.