'सायटेशन' म्हणजे उद्धरण का?

त्वचारोगशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या सत्कारासाठी परिचय लिहिणाऱ्या एका वाचकांनी आपली दोन वाक्ये पाठवून ती तपासून मागितली आहेत: "सरांचे 120 शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून त्यांची 4,000 उद्धरणे आहेत. त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर 5 आहे." एका निबंधाने दुसऱ्या निबंधाची घेतलेली नोंद म्हणजे 'सायटेशन'; तिला उद्धरण म्हणावे की संदर्भ, असा त्यांचा नेमका प्रश्न आहे.

उद्धरण म्हणजे दुसऱ्याच्या लेखनातून जसाच्या तसा उचललेला मजकूर. त्यामुळे 'सरांची 4,000 उद्धरणे' असे वाचले, की सरांची वचने कुणीतरी जमवून ठेवली आहेत असे वाटते. वैद्यकीय निबंधांत मात्र सायटेशन करताना सहसा एकही वाक्य उचललेले नसते. अँड्र्यू फिनले आणि खान या कार्डिफच्या संशोधकांनी 1994 साली त्वचाविकाराचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात खाज किती होती, त्वचेमुळे संकोच वाटला का, कपडे निवडताना तिचा विचार करावा लागला का, असे तिचे साधे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असून बेरीज जास्तीत जास्त 30 होते. सोरायसिसच्या एखाद्या औषधाची चाचणी घेणारा संशोधक ही बेरीज वापरतो, तेव्हा मजकुरात एक बारीक आकडा टाकून निबंधाच्या शेवटच्या यादीत फिनले-खान यांच्या निबंधाची नोंद करतो. त्याने त्यांचे शब्द घेतलेले नसतात, त्यांची मोजपट्टी घेतलेली असते, आणि याला उद्धरण म्हणणे मला पटत नाही.

शिवाय 'उद्धरणे' कानावर पडले, की मराठी माणसाला आधी जडजीवांचे उद्धरणे आठवते आणि लगोलग बोलण्यातला 'उद्धार करणे'ही आठवतो. हा दुसरा अर्थ इथे अगदीच गैरलागू नाही म्हणा! न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत 1974 साली एका संशोधकाने पांढऱ्या उंदरांच्या कातडीवर पेनाने काळे डाग रंगवून त्वचारोपण यशस्वी झाल्याचा देखावा केला होता. अशा संशोधनाचा समाचार घेण्यासाठी कुणी त्याची नोंद केली, तरी मोजणीत तीही एक सायटेशन म्हणूनच धरली जाते.

'संदर्भ' हा शब्द अधिक जवळचा आहे, पण त्याला दिशा नाही. 'सरांचे संदर्भ' म्हणजे सरांनी आपल्या निबंधांच्या शेवटी दिलेले की इतरांनी सरांच्या निबंधांचे दिलेले? इंग्रजीतही हा गोंधळ होताच. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी त्यावर उपाय म्हणून निबंध 'देतो' ते रेफरन्स आणि निबंधाला 'मिळते' ते सायटेशन, असा भेद सुचवला. मराठीत त्यासाठी नवे नाम घडवण्याची मला गरज वाटत नाही, कारण 'चा संदर्भ घेणे' किंवा 'चा दाखला देणे' या क्रियापदांनी दिशा आपोआप स्पष्ट होते. 'दाखला' मला स्वतःला जास्त आवडतो. मात्र 'सरांना 4,000 दाखले मिळाले' असे लिहिले, तर तहसील कचेरीचे दार डोळ्यांपुढे येईल. म्हणून नामाचे अनेकवचन टाळावे आणि 'वेळा' वापरावे.

दुसऱ्या वाक्यात चूक शब्दाची नाही, वस्तुस्थितीची आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांचा एका वर्षात जितक्या वेळा संदर्भ घेतला गेला, त्या संख्येला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. व्यक्तीसाठी भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली सुचवलेला एच-निर्देशांक वापरतात. तो 30 असेल, तर त्या संशोधकाच्या 30 निबंधांचा प्रत्येकी किमान 30 वेळा संदर्भ घेतला गेलेला असतो.

तेव्हा परिचयात असे लिहावे: "सरांचे 120 शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून इतर संशोधकांनी त्यांचा 4,000 वेळा संदर्भ घेतला आहे." या 4,000 मध्ये सरांनी स्वतःच्याच जुन्या निबंधांचे दिलेले दाखलेही मोजले असतील, तर 'इतर संशोधकांनी' हे शब्द काढून 'संशोधनलेखनात' असे घालावे. दुसऱ्या वाक्याच्या जागी सरांचा एच-निर्देशांक त्यांनाच विचारून लिहावा.