१ जीबी रॅमचं जुनं नेटबुक मिळतंय. लिनक्स टाकून लिहिण्या-वाचण्याचं काम होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा इंची स्क्रीनचं, इंटेलचा एटम प्रोसेसर आणि १ जीबी रॅम असलेलं एक जुनं नेटबुक तुम्हाला मिळतंय. त्यावर लिनक्स टाकून मराठीत लिहायचंय, पीडीएफ वाचायच्यात आणि जमलं तर पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकायचंय. हे होईल, की वेळ फुकट जाईल?

होईल. लिहिणं उत्तम होईल, वाचणं चांगलं होईल, पायथन शिकण्यापुरतं काहीच अडणार नाही. ब्राउझर मात्र जेमतेम चालेल, आणि ते आधीच मान्य केलंत तर पुढचा त्रास वाचेल. लोक असं मशीन हौसेने आणतात, पहिल्याच दिवशी त्यावर दहा टॅब उघडतात आणि आठवड्याभरात ते माळ्यावर जातं. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं.

मी भाषांतराचं काम करते आणि गेली सात वर्षं माझा पहिला खर्डा अशाच नेटबुकवर होतो. घरी मोठा लॅपटॉप आहे, तरीही. वजन सव्वा किलो, स्क्रीन १०२४ बाय ६००. दोन खिडक्या एकाखाली एक लावते: वर मूळ मजकुराच्या सात-आठ ओळी, खाली माझा मजकूर. एका वेळी एवढाच परिच्छेद समोर असला की मी त्याच्याशी नीट झटापट करते, पुढे पळत नाही. शब्द अडला तर गोल्डनडिक्टमध्ये ऑफलाइन शब्दकोश आहेत, इंटरनेट लागत नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी प्रोसेसरचा नेमका नंबर बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. २००८-०९ च्या बहुतेक नेटबुकमध्ये एटम एन२७० किंवा एन२८० असायचा. हे दोन्ही फक्त ३२ बिट, म्हणजे ६४ बिटसाठी बनलेलं लिनक्स त्यांच्यावर चालतच नाही. २०१० पासून आलेले एन४५०, एन४५५, एन५५० हे ६४ बिट चालवतात. हा फरक आज फार मोठा झालाय. उबुंटू आणि डेबियन हे लिनक्सचे दोन प्रसिद्ध अवतार. उबुंटूने ३२ बिटच्या डेस्कटॉप आवृत्त्या कधीच थांबवल्या. डेबियनमध्ये १२ वी आवृत्ती शेवटची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. क्रोमने ३२ बिट लिनक्सचा नाद २०१६ मध्येच सोडला आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर सोडला. त्यामुळे तुमचं नेटबुक एन४५० किंवा त्या पिढीचं असेल तर डोळे झाकून घ्या. एन२७० असेल तरीही लिहिण्या-वाचण्याला चालेल, पण इंटरनेटवर त्याच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक पिढी आहे, तिच्यापासून मी लोकांना आवर्जून सावध करते: एन२६०० आणि एन२८००. कागदावर हे वरच्या सगळ्यांपेक्षा चांगले, दोन कोअरचे. पण त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं नाही, पॉवरव्हीआरचं आहे, आणि त्याला लिनक्समध्ये धड ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. चित्र दिसतं, पण व्हिडिओ आणि स्क्रोलिंगचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.

या जुन्या एटमची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. हे प्रोसेसर आज्ञा ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पार पाडतात. पुढचं आधी करून ठेवण्याची हुशारी त्यांच्यात नाही. म्हणूनच १.६ गिगाहर्ट्झ हा आकडा बघून ज्या वेगाची अपेक्षा होते तो मिळत नाही. पण २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटींनी जगभरचे प्रोसेसर अडचणीत आले, तेव्हा हे चिमुकले एटम त्यातून सुटले, कारण त्या त्रुटी याच हुशारीतून आलेल्या होत्या. 

रॅमबद्दल. तुमच्याकडे १ जीबी आहे हा योगायोग नाही. पहिली गाजलेली नेटबुकं लिनक्सवरच आली: २००७ मध्ये आसुसचं ईई पीसी ७०१ आलं ते झँड्रॉस लिनक्स घेऊन, सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबीची फ्लॅश. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अशा छोट्या यंत्रांसाठी विंडोज एक्सपी स्वस्तात द्यायला सुरुवात केली, पण अट घातली की रॅम १ जीबीच्या वर नको. कंपन्यांनी मग सरसकट १ जीबीच बसवली. मशीनची स्वतःची मर्यादा मात्र बहुतेक ठिकाणी २ जीबी आहे. मागचं झाकण उघडून बघा. रॅमची पट्टी काढता येण्यासारखी असेल तर २ जीबीची घाला. रॅमचे दोन प्रकार इथे भेटतात: एन२७० आणि एन४५० ला डीडीआर२ लागते, एन४५५ ला डीडीआर३ चालते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी हातात घेऊन तिच्यावरचं लेबल वाचूनच नवी आणा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथे इलाज नाही.

रॅमनंतर डिस्क. अडीच इंची सॅटा हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी एसएसडी बसते. माझं नेटबुक सुरू व्हायला दीड मिनिटाहून जास्त लागायचं, एसएसडी घातल्यावर पाऊण मिनिटाच्या आत आलं. मुख्य म्हणजे मशीन मांडीवरून उचलताना धक्का लागला तरी आता छातीत धस्स होत नाही.

तिसरी गोष्ट फुकट आहे: झीरॅम. यात रॅमचाच एक भाग दाबून लहान केलेल्या माहितीसाठी वापरला जातो. रॅममधली जी माहिती सध्या लागत नाही ती डिस्कवर फेकण्याऐवजी लहान करून रॅममध्येच ठेवली जाते. थोडा प्रोसेसर खर्च होतो, पण डिस्कची वाट बघण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं. डेबियनमध्ये झीरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे, ते घातलं की काम झालं.

कुठलं लिनक्स? ३२ बिट असेल तर अँटीएक्स. डेबियनवर आधारलेलं आहे, त्याच्या २३ च्या मालिकेत ३२ बिट आवृत्ती मिळते, आणि त्यासोबत येणारा आइसडब्ल्यूएम हा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम इतका हलका आहे की माझ्याकडे मशीन सुरू झाल्यावर २०० एमबीच्या आसपासच रॅम जाते. ६४ बिट आणि २ जीबी असेल तर डेबियन आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मी हेच वापरते. ग्नोम किंवा केडीई हे जड डेस्कटॉप घालायचा मोह होतो, तो आवरा.

स्क्रीनची उंची ६०० पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पहिली अडचण इथेच येते. एखादी सेटिंगची खिडकी उघडते आणि तिचं ‘ओके’चं बटण स्क्रीनच्या खाली जाऊन बसतं. मला पहिल्या दिवशी इन्स्टॉलरनेच अडवलं होतं. पुढे जायचं बटण दिसेना, आणि मी अंदाजाने टॅब दाबत एंटर मारत होते. उपाय अगदी सोपा आहे: ऑल्ट दाबून धरा आणि खिडकीवर कुठेही माउसने पकडून ती वर ओढा. खिडकीचा माथा स्क्रीनच्या बाहेर जातो, खालचं बटण दिसतं. एक्सएफसीईमध्ये हे आपोआप चालतं. शिवाय खालची पट्टी डाव्या कडेला उभी लावा. या स्क्रीनला रुंदी पुरते, उंची पुरत नाही.

मराठीत लिहिण्याबद्दल तुम्ही खास विचारलंय. आयबस हा कीबोर्डची भाषा बदलणारा प्रोग्राम घाला, त्यासोबत मराठी मांडण्या देणारं एम१७एनचं पॅकेज घाला, आणि मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी निवडा. फोनेटिकही मिळतं, पण रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट शिकाच. तीन आठवड्यांत बोटांना वळण लागतं. फॉन्ट लोहित किंवा नोटो, दोन्हींत जोडाक्षरं नीट येतात. फसगत होते ती टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत. हलक्या मशीनवर सगळं टर्मिनलमध्येच करावं असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. इंग्रजीत काम करणाऱ्यासाठी तो बरोबर आहे. पण बरीचशी टर्मिनलं एका अक्षराला एक चौकट या हिशेबाने चालतात, आणि आपली जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत. ‘क्षितिज’ लिहिलं की ‘क’चा पाय मोडलेला, ‘ष’ वेगळा आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर. फाइलमध्ये मजकूर बरोबर असतो, दिसतो तेवढा चुकीचा, पण तसं बघत बघत दोन पानं लिहून होत नाहीत. म्हणून माउसपॅड किंवा फेदरपॅडसारखा साधा खिडकीतला एडिटर घ्या. दोन्ही चटकन उघडतात आणि मराठी नीट दाखवतात. लिबरऑफिसही चालतं, उघडायला वेळ घेतं इतकंच. मी ते शेवटच्या सजावटीपुरतंच उघडते.

वाचायला एव्हिन्स किंवा त्याहून हलका झथुरा. मजकुराच्या पीडीएफ झकास चालतात, स्कॅन केलेली जाड पुस्तकं पान उलटताना अडखळतात. व्हिडिओ बघायचाच असेल तर ब्राउझरमध्ये नको, फाइल उतरवून एमपीव्ही या प्लेअरमध्ये ४८० पीच्या आत बघा. पायथनसाठी गीनी एडिटर पुरेसा आहे.

एका गोष्टीने माझा एक अख्खा रविवार खाल्ला होता, ती तुम्हाला आधीच सांगून ठेवते. एकदा अचानक एकही वेबसाइट उघडेना. वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, आणि प्रत्येक पानावर सुरक्षिततेचा इशारा. मी ड्रायव्हर बदलले, राउटर बंद-चालू केला, शेवटी लिनक्स पुन्हा टाकायला निघाले. तेव्हा सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची. बोर्डावरचा तो नाण्यासारखा सेल मेला होता. घड्याळ मागे गेलं की वेबसाइटची प्रमाणपत्रं अजून लागूच झाली नाहीत असं ब्राउझरला वाटतं आणि तो दार लावून घेतो. या वयाच्या मशीनमध्ये तो सेल संपलेलाच असणार असं धरून चाला आणि रॅमसाठी झाकण उघडाल तेव्हाच त्याच्याकडेही बघा.

बॅटरीचंही तसंच. जुनी बॅटरी २५ टक्के दाखवता दाखवता एकदम मान टाकते. माझी तीन पानं अशीच गेली. तेव्हापासून एडिटरला दर मिनिटाला सेव्ह करायला सांगितलंय, आणि रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने कामाचं फोल्डर पेनड्राइव्हवर जातं. बॅटरी फुगलेली दिसली, तळाला किंचितही फुगवटा असला, तर ती वापरत न बसता आधी बदलायचं बघा. ती चार्ज करू नका.

मशीन ताब्यात घेण्याआधी अँटीएक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. इन्स्टॉल न करता त्यावरून सुरू करून बघा. वायफाय दिसतं का ते तपासा. एथेरॉसचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा लगेच चालतं, ब्रॉडकॉमचं असेल तर वेगळं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारी फाइल, शोधावं लागू शकतं. झाकण मिटून पुन्हा उघडा आणि मशीन झोपेतून नीट उठतं का बघा. आणि एक कोरी फाइल उघडून कीबोर्डवरचं एकूण एक बटण दाबा, कोपऱ्यातलीसुद्धा. रॅम आणि डिस्क योग्य प्रकारची असली की कुठल्याही कंपनीची बसते, पण त्या मॉडेलचा कीबोर्ड त्याच मॉडेलला बसतो आणि शोधायला गेलं की महिने जातात.