पेटी रेकॉर्डिंगशी का जुळत नाही?

प्रश्न : ताई, आमच्या चर्चमध्ये मोत्सार्टचं 'आवे वेरुम कॉर्पुस' हे लॅटिन भजन बसवतोय. रेकॉर्डिंगसोबत पेटी धरली की ना पांढरी दोन पट्टी जुळते, ना काळी एक. पेटी बिघडली का? आणि लय किती ठेवायची?
– एक वाचक, जालना

उत्तर : दादा, पेटीला हात लावू नका. रेकॉर्डिंग बहुधा जुन्या बनावटीच्या वाद्यांवरचं आहे. ती वाजवणारी मंडळी 'ए' हा जुळवणीचा स्वर 430 हर्ट्झच्या (सेकंदाला 430 कंपनं) आसपास लावतात, आपल्याकडे 440. म्हणून सूर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतो. 1791 ची ही रचना डी मेजरमधली, म्हणजे षड्ज 'डी', आपली पांढरी दोन. तुम्ही बिनधास्त तीच धरा.

लय संथच, पण मोजणी दोनाची. चार मोजून ओढलीत तर श्वास पुरत नाही.

आता खरी जागा सांगते. 'कुयुस लातुस', म्हणजे ख्रिस्ताची कूस भाल्यानं विंधली, ही ओळ आली की कोमल गंधारच षड्ज होतो. गाणं एफ मेजरमध्ये शिरतं. परभणीच्या माझ्या स्वयंपाकघरात हे ऐकताना लाटणं दर वेळी तिथंच थांबतं. त्या ओळीवर आवाज चढवू देऊ नका. मोत्सार्टनं सुरुवातीलाच 'सोत्तो व्होचे' लिहिलंय, दबल्या आवाजात.