घाट उतरला की ब्रेक मऊ, यार्डात पोचलं की ओके

प्रश्न : दादा, माझ्याकडे २००८ ची डिझेल पिकअप आहे, सासवडहून मार्केट यार्डात माल नेतो, सीझनला सीताफळ-अंजीर आणि एरवी भाजी. दिवे घाट उतरून वडकीत आलो की ब्रेकचं पॅडल मऊ पडतं, पंप मारला की थोडंफार वर येतं, आणि यार्डात माल खाली होईस्तोवर परत टकाटक. पुढचे पॅड सारखेच बदलतोय, मागचे लायनर मात्र कित्येक वर्षं तेच आहेत, चांगल्या कंपनीचे असणार. मिस्त्री म्हणतो मास्टर सिलिंडर गेलाय, नवा टाक. टाकू का?

उत्तर : एवढ्यात नका टाकू. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, आतून लीक असेल ना तर तो घाट बघून त्रास देत नाही, तो हडपसरच्या सिग्नलला पण देतो. इंजिन चालू ठेवून पॅडल एकसारखं दाबून धरा मिनिटभर, हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे थेंबभरही ओल नसेल तर मिस्त्रीचं खरं. तिथल्या तिथे राहिलं तर खर्च वाचला.

तुमचं पॅडल गार असताना चांगलं आणि तापलं की मऊ, म्हणजे संशय आधी ब्रेक ऑइलवर. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, डबीचं झाकण घट्ट असलं तरी. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा ग्रेड, डबीवर लिहिलेला असतो) नवं असताना निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळायला नको, पण ओल धरली की ते १४० पर्यंत खाली येऊ शकतं. भरल्या गाडीने सगळा घाट ब्रेकवर उतरला की कॅलिपरमधल्या, म्हणजे पुढचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ऑइलची वाफ होते, वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पाय आत जातो. गार झालं की वाफेचं परत ऑइल, म्हणून यार्डात सगळं ओके आणि गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर मिस्त्रीला काही सापडत नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर उत्तर तेच आहे. वरून टॉपअप म्हणजे बदलणं नव्हे, जुनं चारही चाकांमधून पूर्ण काढायचं.

पण पुढचे ब्रेक एवढे तापतातच का, हा खरा सवाल, आणि त्याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून दिलंय. मागचे लायनर झिजत नाहीत ते कंपनी चांगली म्हणून नाही हो, ते काम करत नाहीत म्हणून! सगळं वजन पुढचे दोन डिस्क ओढतायत. घाट उतरलात की सुरक्षित जागी गाडी लावा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, हात लावू नका, भाजेल. पुढून जळका वास आणि मागचे ड्रम जेमतेम कोमट असतील तर मागे बघायलाच हवं. लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर गंजून बसलाय का, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम आहेत का, लायनरला ऑइल लागलंय का. हँडब्रेक फार वर ओढावा लागत असेल तर तीही एक खूण.

आता एक गोष्ट जी घाईत राहून जाते. तुमच्या गाडीला मागच्या एक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे का बघा, मिस्त्री एलएसपीव्ही म्हणतात. चॅसिस आणि एक्सलमधलं अंतर बघून तो ठरवतो मागे किती प्रेशर सोडायचं, गाडी रिकामी तर कमी, भरली तर जास्त. जुन्या गाडीत तो जाम होतो, नाहीतर त्याची दांडी वाकते किंवा कुणीतरी काढूनच टाकलेली असते, मग माल कितीही भरा, त्याला गाडी रिकामीच वाटते. आणि जॅक चॅसिसला लावून एक्सल लोंबकळत ठेवला तरी तेच होतं, त्यामुळे तशा अवस्थेत मागचा ब्रेक तपासला किंवा एअर (ब्रेकच्या पाइपमधली हवा) काढली तर काम अर्धवट होतं. टेकू एक्सलखाली द्या. एअर काढताना पॅडल पार तळापर्यंत हाणू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलिंडरचे जुने रबर कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात आणि मग मिस्त्रीचं म्हणणं खरं व्हायचं.

तोवर घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरण्याची सवय असेल तर सोडा, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

प्रश्न : आमची मांजरीला नर्सरी आहे, रोपं पोचवायला जुनी पिकअप. हडपसर गाडीतळाच्या गर्दीत हळूहळू चालताना पॅडल दगडासारखं होतं, मोकळ्या रोडला बरं असतं. मी स्वतः चालवते, पाय दुखतो.

उत्तर : ताई, हे बूस्टरकडचं दुखणं, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पॅडल हलकं ठेवणाऱ्या डब्याचं. डिझेल इंजिनला व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने मिळतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो, आणि पंप झिजला की कमी स्पीडला पुरत नाही. इंजिन बंद करून पॅडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा, पॅडल किंचित आत गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. काहीच हललं नाही तर आधी रबरी पाइप बघा, चीर पडलेली असते आणि तो स्वस्तातला पार्ट आहे. पॅडल दाबल्यावर सूऽऽ असा आवाज येत राहिला तर बूस्टरचा पडदा फाटलाय. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका, दोन-तीन दाबांत बूस्टरचा साठा संपतो.

प्रश्न : डॉट ३ च्या गाडीत डॉट ५ टाकलं तर जास्त चांगलं ना, नंबर मोठा आहे?

उत्तर : नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ४ चालेल.