आंबोलीच्या घराआधी पावत्या बाहेर काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ६१, निपाणी भागातल्या साखर कारखान्यातून निवृत्त. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४६ लाख. घरखर्च महिन्याला २८ हजार, पेन्शन ३ हजार. "आंबोलीजवळ ३० लाखांत घर बांधून मिळतंय. तेच लोक भाड्यानं देऊन वर्षाला तीन लाख देणार. आयुष्यभर शिफ्ट केली, आता दोघांना निवांतपणा हवा. घ्यावं का? उरलेले १६ लाख आहेत तिथेच, आमच्या सौहार्द पतसंस्थेत राहतील. सगळे पैसे तिथेच आहेत, ११ टक्के मिळतात, चेअरमन ओळखीचे आहेत."

नमस्कार काका,

घर घेऊ नका. ३० लाख काढल्यावर उरलेल्या १६ लाखांचं व्याज महिन्याला साडेचौदा हजार. पेन्शन धरून साडेसतरा. खर्च २८. भाड्याचं म्हणाल, तर आंबोलीला गर्दी होते ती पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. फार तर ३५ रात्री, तीन हजारांनी लाखभर रुपये. त्यातून राखणदार, वीज, दरवर्षीचा रंग. तिथल्या पावसात बंद घरातली गादी ऑगस्टमध्ये उलटून बघा, खालून काळे ठिपके पडलेले असतात आणि कपाटाचं दार फुगून बसत नाही. निवांतपणा शोधत गेलात तर काकूंच्या हाती पहिल्या दिवशी फडकंच येईल.

पण मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची. ४६ लाख, एकाच संस्थेत!

सौहार्द ही बँक नव्हे. ती १९९७च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली चालते. बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विमा असतो, नागरी सहकारी बँकेतही असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, एक रुपयाचासुद्धा नाही. चेअरमन सज्जन असतील, पण कर्जं थकली तर त्यांच्या सज्जनपणातून तुमचे पैसे उभे राहत नाहीत. आपल्याच भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेल्या पावत्या होत्या, आणि संस्थेला कुलूप होतं. रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट रोज दारात यायचा, म्हणून त्यांनी कधी शंकाच घेतली नाही. जास्तीचे दोन-तीन टक्के कशाचे मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा ३० लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. मर्यादा तेवढीच आहे. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. नऊ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. उरलेले सात लाख दोन बँकांत, प्रत्येकी पाचच्या आत. सगळं मिळून महिन्याला तीस हजारांच्या आसपास, अधिक पेन्शन. ४२ हजारांवरून खाली आलात हे खरं, पण खर्च भागून चार-पाच हजार उरतात.

ते उरलेले पैसे तुमच्या सुट्टीचे. सुट्टीला मी चैन म्हणत नाही, चाळीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला तर ती हवीच. वर्षाचे पन्नासेक हजार होतात. चार हजारांची खोली धरली तर आंबोलीला बारा रात्री, आणि चादरी दुसरं कुणी धुतं. महागाई वाढेल तशा रात्री कमी होतील, हेही आत्ताच सांगतो.

सौहार्दमधल्या ठेवी मुदतीआधी मोडल्यावर व्याज थोडं कापलं जाईल. जाऊ दे. सोमवारी सगळ्या पावत्या टेबलावर मांडा, मुदतीच्या तारखेप्रमाणे लावा आणि ज्या मोडता येतील त्यांचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या. "पुढच्या महिन्यात बघू" असं उत्तर आलं तर थांबू नका, त्याच दिवशी मला कळवा. काकूंचं वय आणि त्यांच्या नावावर किती पावत्या आहेत, तेही लिहा.